साखरेचं तोंड कुणीकडे

विज्ञानात वैयक्तिक राग-लोभाला जागा नसते. संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत तर ती अजिबातच नव्हती. खोली चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद. तीत एक लांबलचक ओटा, दोन संगणक, एक सूक्ष्मदर्शक, माणसापेक्षा उंच फ्रीज आणि हात धुवायचं बेसिन. एवढ्या अडचणीतही दोन जावांनी राग-लोभाची सोय करून घेतली होती. म्हणजे लोभाची नाही. रागाची.

थोरली या खोलीत नऊ वर्षं स्फटिक वाढवत होती. झाडाच्या सालीवर जगणारा एक जिवाणू आहे. सालीतली साखर म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ, ती कुणालाच पचत नाही. हा जिवाणू एका एन्झाइमने ती तोडतो आणि मणी मणी करून खातो. ते एन्झाइम शुद्ध करायचं, त्याचा थेंब काचेच्या झाकणीला उलटा लटकवायचा, खाली खारं पाणी ठेवायचं आणि वाट बघायची. नशीब असेल तर थेंबात स्फटिक धरतो, मिठाच्या कणाएवढा. नशीब नसेल तर साय धरते. थोरलीने आठ वर्षं साय बघितली. नवव्या वर्षी स्फटिक धरले, तेही एन्झाइमच्या खाचेत साखरेचे तीन मणी अडकलेले. त्या दिवशी तिने बेसिनपाशी उभं राहून दोन मिनिटं नळ सोडून ठेवला. कारण विचारायला खोलीत कुणी नव्हतं. धाकटी होती, पण ती विचारणार नव्हती.

धाकटीचं काम त्यापुढचं. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ठिपके मिळतात, ठिपक्यांवरून संगणक एक निळं जाळं काढतो, आणि त्या जाळ्यात अणू कुठे कसे बसतात ते माणसाने ठरवायचं. जाळं स्वच्छ असेल तर हे काम लहान मुलालाही जमेल. थोरलीच्या स्फटिकाचं जाळं स्वच्छ नव्हतं. चष्मा काढून रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याकडे बघावं तसं होतं. माणूस उभा आहे हे कळायचं, त्याचं तोंड कुणीकडे आहे ते कळायचं नाही.

धाकटीला या घरात थोरलीनेच आणलं होतं. एका परिसंवादात तिला पाहिलं, लग्नाचा राहिलेला दीर आठवला, आणि घरी येऊन सांगितलं, "मुलगी हुशार आहे, शांत आहे." यातलं पहिलं खरं निघालं. लग्नानंतर सहा महिन्यांनी तिला संस्थेतही तिनेच चिकटवलं. एकच चूक माणूस दोन ठिकाणी करतो, ती अशी.

दोघींनी नवऱ्यांचं आडनाव घेतलं होतं. नवरे सख्खे भाऊ, त्यामुळे आडनाव एकच झालं. नावाचं पहिलं अक्षरही एकच होतं. ही गोष्ट लग्न ठरवताना कुणाच्या लक्षात आली नाही, पोस्टमनच्या आली. वरच्या मजल्यावर थोरली, खालच्या मजल्यावर धाकटी आणि सासूबाई, फाटकापाशी पत्रांची पेटी एक. पाकीट जिच्या हाती पडेल तिचं. धाकटीच्या चष्म्याच्या दुकानाने पाठवलेली आठवण थोरलीने एकदा महिनाभर स्वतःची समजली आणि जाऊन नवा चष्मा करून आली.

बोलणं बंद झालं त्याला चौदा महिने झाले होते. सगळे जेवायला बसले असताना सासूबाईंनी सहज विचारलं होतं, "तुम्ही दोघी तिथे एकच काम करता का गं?"

धाकटी म्हणाली, "नाही आई. ताई स्फटिक वाढवतात. म्हणजे स्फटिक आपोआपच वाढतात. ताई झाकण लावतात."

भावोजी हसले. भावोजी म्हणजे थोरलीचाच नवरा, त्यामुळे त्याचं प्रकरण वेगळं मिटवावं लागलं. थोरली तेव्हा एवढंच म्हणाली, "झाकण लावलेलं बरं असतं. काही जणींच्या तोंडालाही हवं होतं." त्यानंतर झाकण दोन्ही बाजूंनी लागलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मधोमध लाल चिकटपट्टी आली. बेसिन धाकटीच्या बाजूला गेलं, फ्रीज थोरलीच्या. अत्यावश्यक निरोप फ्रीजच्या दारावर चिठ्ठी लावून द्यायचे. घरी मध्यस्थ सासूबाई, ऑफिसात फ्रीज. दोघंही तितकीच थंड.

अशात संस्थेचं परिपत्रक निघालं. दर वर्षी मुदतवाढ देऊन ठेवलेली माणसं यापुढे ठेवायची नाहीत. त्यांच्याऐवजी एक कायम पद. अर्जासोबत उमेदवाराचं नाव पहिलं असलेला एक छापील लेख जोडायचा. तो नसेल तर अर्ज करायचे कष्ट घेऊ नयेत. शिवाय पक्षपात नको म्हणून अर्जात पूर्ण नाव लिहायचं नाही, वय लिहायचं नाही, बाई की पुरुष लिहायचं नाही. आद्याक्षर, आडनाव, पत्ता, लेख, आणि विभागप्रमुखाचं शिफारसपत्र. संपलं.

थोरलीने परिपत्रक उभ्याने वाचलं. नऊ वर्षांत तिच्या नावावर पहिला लेख नव्हता, कारण सायीवर लेख छापत नाहीत. आता होणार होता तो एकच, आणि त्यावर पहिलं नाव एकीचंच येणार होतं. दुसरी घरी. घरी म्हणजे त्याच घरी, खालच्या नाहीतर वरच्या मजल्यावर, रोज सकाळी पहिलीला फाटकातून बाहेर पडताना बघत.

लेखाचा निर्णय विभागप्रमुखांचा. त्यांना सगळे पाठीमागे 'तथास्तु' म्हणत, कारण त्यांच्या खोलीतून आजवर कुणी नाही ऐकून बाहेर आलं नव्हतं. सकाळी थोरली गेली. पहिलं नाव तिचं ठरलं. दुपारी धाकटी गेली. पहिलं नाव तिचं ठरलं. संध्याकाळी तथास्तुंना स्वतःलाच शंका आली.

तेवढ्यात साखरेचं निघालं.

धाकटीने जाळ्यात तीन मणी बसवले होते. साखरेच्या प्रत्येक मण्याला बाजूला एक आखूड हात असतो. तो कुणीकडे निघतो त्यावरून माळेचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते ठरतं. थोरलीने आपल्या संगणकावर धाकटीची फाईल उघडली, साखरेपाशी गेली आणि तिला सुखाची एक लहर आली. हात जाळ्याच्या बाहेर लोंबत होता, आणि पलीकडे जाळ्याला एक रिकामा फुगा होता. तोंड चुकीच्या बाजूला. तिने फ्रीजवर चिठ्ठी लावली.

"साखर उलटी बसवली आहे. तपासणे."

तासाभराने खाली दुसरी आली. "तपासली. बरोबर आहे. चष्मा तपासणे."

"चष्मा नवीन आहे. साखर उलटी आहे."

"नवीन चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो. दुसरीच्या पाकिटावरून केला असेल तर जास्तच."

थोरलीने पडद्याचं चित्र छापून लावलं: लोंबता हात, रिकामा फुगा, त्याभोवती लाल पेनाने गोल. धाकटीने आपलं चित्र छापून शेजारी लावलं: हात फुग्यात, काठोकाठ, कुठे केसाइतकी फट नाही. थोरलीने ते चित्र नाकाला लावून पाहिलं. मग लिहिलं, "हे चित्र कुठून आणलं? जाळं असं नाहीच. चित्र बनवलेलं आहे."

विज्ञानात माणूस आळशी म्हटलेला चालतो, मूर्ख म्हटलेलाही चालतो. चित्र बनवलेलं आहे असं म्हटलं की मात्र ते पुसलं जात नाही. फ्रीजच्या दारावर धाकटीच्या ओल्या हाताचा पंजा उमटलेला होता, चिठ्ठी ओरबाडून काढल्याचा.

घरी सासूबाई जिना चढून वर आल्या. "ती म्हणते, साखर बरोबर आहे. आणि शब्द मागे घ्या म्हणते."

"तिला सांगा, साखर उलटी आहे."

"उलटी म्हणजे? सांडली का?"

"सांडली नाही, आई. तोंड चुकीच्या बाजूला आहे."

सासूबाई विचार करून म्हणाल्या, "तोंडाचं म्हणशील तर ते तुमच्या दोघींचंही आहे," आणि जिना उतरून गेल्या. खाली त्यांनी काय निरोप दिला कळलं नाही, पण दार जोरात आपटलं.

शेवटी तथास्तुंनी दोघींना एकाच वेळी बोलावलं. आयुष्यातली त्यांची ही पहिलीच हिंमत असावी. "मला शुक्रवारी लेख पाठवायचाय," ते म्हणाले. "साखरेचं एकदाचं ठरवा. जिची बरोबर, तिचं नाव पहिलं. चालेल?"

"चालेल," थोरली म्हणाली.

"पळेल," धाकटी म्हणाली.

त्यांच्या खोलीत पडदा एक आणि पडद्यासमोर खुर्ची एक. धाकटी आधी बसली. थोरली मागे उभी राहिली, शाळेत बाकावर उभं केल्यासारखी.

धाकटीने कळा दाबल्या. निळं जाळं फिरलं, आणि साखर समोर आली. "बघा सर. हात कुठे आहे? जाळ्यात. फट आहे का कुठे?"

"नाही बुवा. छान बसलीय."

थोरलीने पाहिलं. साखर खरंच छान बसली होती. नऊ वर्षं, आणि एका लोंबत्या हातापायी सगळं जायचं! मग राग वर आला. "हिने आज सकाळी बदललीय."

"फाईलची तारीख वाचा. माणसावर विश्वास नसेल तर घड्याळावर ठेवा."

"घड्याळही तुझ्याच संगणकातलं. ऊठ, मी दाखवते."

"मी उठणार नाही. हा घ्या माउस." चौदा महिन्यांत या हातातून त्या हातात गेलेली ही पहिली वस्तू. तीही थोरलीने टोकाला धरून घेतली.

तिने वाकून साखरेचा क्रमांक टाकला, तिला पाठ होता. पडद्यावरचं जाळं झरकन सरकलं, लांब दुसऱ्या कोपऱ्यात गेलं आणि थांबलं. हात बाहेर लोंबत होता. फुगा रिकामा.

"अरे!" तथास्तु म्हणाले. "हे पण बरोबर आहे. म्हणजे, चूक आहे हे बरोबर आहे."

धाकटी पडद्याकडे बघतच राहिली. "हे कुठे आलात तुम्ही?"

"साखरेपाशी."

"ही ती साखर नाही."

"मग काय, चहातली आहे?"

"ताई, वरचं अक्षर वाचा. अ आहे. मी ब मध्ये बसवलीय."

थोरलीने अक्षर वाचलं. नव्या चष्म्यातून ते अगदी स्पष्ट दिसत होतं. या स्फटिकात एन्झाइमचे रेणू जोडीने बसले होते, एक अ आणि एक ब. घडण एक, लांबी एक, आडनाव एक म्हणा ना. थोरलीचा संगणक फाईल उघडली की पहिल्या रेणूवर जायचा. धाकटीचा संगणक तिने शेवटी जिथे काम केलं तिथे उघडायचा.

"मग अ मध्ये काय केलंस?"

धाकटीने खुर्ची थोडी मागे घेतली. ती थोरलीच्या पायावर आली. "अ मध्ये उतरवली."

"उतरवली म्हणजे?"

"म्हणजे ब ची तशीच कॉपी टाकली. दोन्ही सारखेच असतात. सगळे तसंच करतात."

"न बघता?"

"तुम्ही ब बघितला होता?"

थोरलीने ब बघितला नव्हता. अ मध्ये चूक सापडल्यावर पुढे बघायचं कशाला? एका खोलीत, चार हातांवर बसून, दोघी दोन वेगवेगळ्या साखरांवरून भांडल्या होत्या, आणि चिठ्ठीवर अक्षर लिहायचं एकीलाही सुचलं नव्हतं. अ मध्ये साखरेचं तोंड इकडे होतं, ब मध्ये तिकडे. या जातीच्या एन्झाइममध्ये साखर दोन्ही बाजूंनी शिरू शकते हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. दोघी एका पडद्यासमोर बसल्या असत्या तर ते पाच मिनिटांत दिसलं असतं. अर्थात, पटत असतं तर थोरलीने धाकटीच्या चुका शोधायला फाईल उघडलीच नसती, आणि मग ते कधीच दिसलं नसतं. हा शोध शुद्ध वैरातून लागला होता. लेखात तसं लिहिता येत नाही.

"वा!" तथास्तु म्हणाले. "म्हणजे दोघींचंही बरोबर. आता मिटवून टाका."

"मिटवा की," थोरली म्हणाली. "पहिलं नाव कुणाचं?"

तथास्तुंचा चेहरा उतरला.

"चूक मी काढली," थोरली म्हणाली.

"बरोबर होतं ते मी बसवलं," धाकटी म्हणाली. "चूक तर कुणीही काढतं. त्याला काही वाढवावं लागत नाही. झाकणसुद्धा लावावं लागत नाही."

"सर, अ आधी येतो की ब?"

तथास्तुंनी थोडा विचार केला. "अ आधी येतो, हे खरंच आहे."

"अ माझा."

"तथास्तु," ते चक्क म्हणाले, आणि आपण हे मोठ्याने बोललो म्हणून खोकले.

धाकटी उठली. एवढ्या वेळाने खुर्ची रिकामी झाली, पण आता तिच्यावर बसण्यात अर्थ नव्हता. "मग मला तारा हवा. दोघींच्या नावावर. खाली टीप, दोघींचं योगदान सारखं. म्हणजे माझंही नाव पहिलंच धरतात."

"तारा घे," थोरली म्हणाली. "दोन घे. पहिली ती पहिलीच."

शब्द मागे घ्यायचं कुणी काढलं नाही. चित्र बनवलेलं नव्हतं हे आता तिघांनाही माहीत होतं. थोरलीच्या ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण धाकटी दारातून जाताना म्हणाली, "नवा चष्मा छान आहे हं, माझ्या नंबरचा," आणि ते परत गिळलं गेलं.

लेख छापून आला. नियतकालिकाची पद्धत आद्याक्षर आणि आडनावाची. त्यामुळे शीर्षकाखाली एकच नाव शेजारी शेजारी दोनदा होतं, दोन्हींवर तारा. थोरलीने ते पान खूप वेळ बघितलं. पहिलं तिचं होतं. हे तिला माहीत होतं, धाकटीला माहीत होतं आणि तथास्तुंना बहुधा आठवत होतं. पानाला माहीत नव्हतं. त्या रविवारी जेवताना धाकटीने लेख सासूबाईंपुढे धरला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. "आई, हे माझं."

"ते माझं आहे," थोरली घरात पंधरा महिन्यांनी तिच्याशी थेट बोलली.

"दाखवा बरं, कुठे लिहिलंय तुमचं म्हणून?"

सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही नावं वाचली. "छान आलंय," त्या म्हणाल्या. "पण दोनदा कशाला छापलं?"

हाच प्रश्न लेखांच्या जागतिक सूचीतल्या संगणकाला पडला. त्याने छपाईची चूक समजून त्यातलं एक नाव काढून टाकलं. कुठलं ते त्यालाही सांगता येणार नाही.

दोघींनी अर्ज केले. आद्याक्षर तेच, आडनाव तेच, पत्ता तोच, लेख तोच. शिफारसपत्र तथास्तुंनी थोरलीसाठी मन लावून लिहिलं होतं, धाकटी आली तेव्हा तेच उतरवून दिलं. दोन्ही सारखेच असतात.

तीन आठवड्यांनी पेटीत पाकीट आलं. एकच. थोरलीने फाटकातच फोडलं. "आपले दोन अर्ज मिळाले. सूचीत पडताळणी केली असता या लेखाखाली आपलं नाव एकदाच आढळतं. एका उमेदवाराने एकापेक्षा जास्त अर्ज केल्यास नियम सातप्रमाणे सर्व अर्ज बाद होतात."

तिने ते दोनदा वाचलं. मग पाकीट पुन्हा पेटीत टाकून ती वर गेली. अर्ध्या तासाने फाटक वाजलं, पेटीचं झाकण वाजलं, आणि खालचं दार आपटलं.

पत्राच्या मागे एक छापील नमुना होता. उमेदवार दोन वेगळ्या व्यक्ती असतील, तर दोघांनी याच कागदावर एकमेकांसमोर सही करून तसं कळवायचं होतं.

मुदत तीस तारखेला संपली.